सरकारी बँकेच्या कर्जातून जुन्या घराची दुरुस्ती: सोलापुरात कंत्राटदार कसा निवडावा?

तुमचं माळवदाचं (लाकूड-मातीच्या सपाट छताचं) जुनं घर आहे, सरकारी बँकेचं दुरुस्ती कर्ज मंजूर झालंय आणि कंत्राटदार निम्मे पैसे आधी मागतोय, म्हणून सांगतो: देऊ नका. बँक सगळी रक्कम एकदम सोडत नाही. काम जसं पुढे सरकतं तसे हप्ते मिळतात, तेही पाहणी झाल्यावर. कंत्राटदाराचे हप्तेही त्याच टप्प्यांना बांधा. हे ज्याला मान्य नाही त्याच्याकडे काम देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दर फक्त मजुरीचा की मटेरियलसह, हे कागदावर हवं. माळवद उतरवून स्लॅब टाकणार असाल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनियरला भिंती दाखवा. मातीच्या जुन्या भिंतींवर स्लॅबचा भार टाकणं जिवावर बेतू शकतं. महापालिकेची परवानगीही आधीच घ्या.

आता पाण्याचं. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही आणि उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट असेल तर नवा स्लॅब पक्का होण्यासाठी अशा उन्हात त्यावर १४ दिवस पाणी टिकायला हवं. टँकरचा खर्च कोणाचा, हे करारात लिहाच. भांडणं इथेच होतात.

कंत्राटदाराच्या रकमेतले शेवटचे ५ ते १० टक्के पहिला पावसाळा जाईपर्यंत हातात ठेवा. आणि पक्की बिलं जपा: प्राप्तिकराच्या जुन्या करप्रणालीत राहत्या घराच्या दुरुस्ती कर्जाच्या व्याजावर वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते.