डॉक्टर म्हणतात चालवा, पण सायकल काढावीशीच वाटत नाही

मी समुपदेशक आहे. दिवाळी उरकून पहाटेचा गारवा सुरू झाला की माझ्याकडे ठरावीक तक्रार घेऊन माणसं येऊ लागतात. "मॅडम, पडलो होतो. आता बरा आहे. डॉक्टरांनीही हो म्हटलंय. पण सायकल काढावीशीच वाटत नाही." कुणाचा गुडघा, कुणाचं मनगट, कुणाची पाठ. संभाजीनगर, जालना, नांदेड, लातूर, सगळीकडे सायकलिंगचे ग्रुप वाढले तशी ही तक्रारही वाढली. प्रत्येकाला वाटतं की आपण आळशी झालो, आणि घरच्यांचं मतही फारसं वेगळं नसतं.

यांतल्या एका गृहस्थांची हकिगत सांगते. त्यांनी परवानगी दिली आहे आणि ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. ते एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहेत, वय पन्नाशीकडे झुकलेलं. मी त्यांना सर म्हणत असे, इथेही तेच म्हणते.

सर हौशी नव्हते, चांगले पट्टीचे सायकलपटू होते. लांब पल्ल्याच्या, ठरलेल्या वेळेत संपवायच्या बीआरएम राइड असतात, 200, 300, 400 आणि 600 किलोमीटरच्या. एकाच हंगामात चारही वेळेत पूर्ण केल्या की 'सुपर रँडोनिअर' हा किताब मिळतो. सरांच्या पहिल्या तीन झाल्या होत्या. 600 ची, म्हणजे 40 तासांत संपवायची, तेवढी राहिली होती. तिच्या तयारीतच एका रविवारी खुलताबादहून परतताना, कागजीपुरा ओलांडून दौलताबादचा घाट उतरताना, वळणावर पसरलेल्या खडीवरून पुढचं चाक सरकलं. कॉलरबोन मोडलं, प्लेट बसवली. हाड जुळल्यावर त्यांनी पहिल्याच आठवड्यात जुन्या ग्रुपबरोबर जुन्याच वेगाने सायकल हाणली आणि गुडघा धरला. मग जे थांबले ते थांबलेच. जवळजवळ वर्ष झालं होतं.

पहिल्या भेटीला पत्नी सोबत होत्या. "पहाटे चारला उठणारा माणूस हा. आता साडेसातला हाका माराव्या लागतात. आणि त्या सायकलवर मी टॉवेल वाळत घालते, तरी काही बोलत नाहीत." शेवटचं वाक्य सांगताना त्यांचा आवाज जड झाला. टॉवेलवरून भांडण झालं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं.

सर म्हणाले, "गजर होतो बघा. उठतो. गॅलरीत जातो. सायकलकडं बघायलो अन् परत येऊन पडायलो. कंटाळा आलाय, दुसरं काही नाही. मन लागंनाच गेलंय."

कंटाळा आलेला माणूस रोज पहाटे उठून गॅलरीपर्यंत जात नाही. ज्या गोष्टीचा खरोखर कंटाळा येतो तिचा गजर तो कधीच बंद करून टाकतो. हे मी मनात नोंदवलं, पण बोलले नाही. असं काही समुपदेशकाने सांगून उपयोग नसतो, ते समोरच्याला स्वतःला सापडावं लागतं.

दोन-तीन भेटी गुडघ्यावर, कॉलेजातल्या कामावर, ग्रुपमधल्या चढाओढीवर गेल्या. मग एका दुपारी मी म्हटलं, "सर, त्या दिवशीचा घाट मला सांगा. पडलात तिथपर्यंत नको. त्या वळणाच्या थोडं अलीकडेपर्यंतच सांगा." ते सांगू लागले. सकाळचं ऊन, समोरून येणारी जीप, वेग किती होता ते. आवाज अगदी सपाट होता, ग्रंथालयाचा अहवाल वाचावा तसा. पण माझं लक्ष त्यांच्या हातांवर होतं. दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर आवळले होते, अंगठा खाली, आणि प्रत्येक हाताची दोन-दोन बोटं सुटी होऊन पुढे वाकलेली. नखं पांढरी पडली होती.

"सर, थांबा जरा. तुमची बोटं आत्ता कुठे आहेत?"

त्यांनी खाली पाहिलं. बराच वेळ पाहत राहिले.

"ब्रेकवर आहेत," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "मॅडम, मी भ्यायलोय का?"

या प्रश्नासाठी मी सगळ्या भेटी थांबले होते. इतक्या वर्षांच्या कामानंतर माझी याबाबत खात्री झाली आहे की दुखापतीनंतर 'इच्छा गेली' म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची इच्छा शाबूत असते. तिच्यासमोर भीती आडवी बसलेली असते. पण मिशा पांढऱ्या होऊ लागलेल्या, चारशे किलोमीटर सायकल चालवलेल्या माणसाला 'मी भितो' म्हणणं अवघड जातं. त्यापेक्षा 'कंटाळा आला' म्हणणं सोपं. बायकांचंही हेच होतं, फक्त त्या 'घरातलं उरकत नाही' म्हणतात. आणि कंटाळ्यावर जे उपाय केले जातात, म्हणजे नवी सायकल, नवी जर्सी, जोशपूर्ण व्हिडिओ, ते भीतीला लागू पडत नाहीत. उलट दर वेळी माणूस स्वतःला आणखी दोष देतो.

मग भीतीवर काय लागू पडतं? अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञांनी 1977 मध्ये मांडलेला विचार माझ्या कामाचा कणा आहे. 'हे मला जमेल' हा विश्वास सर्वांत पक्का कशाने होतो, तर स्वतः करून जमल्याच्या अनुभवाने. इतरांना करताना पाहून थोडा होतो, कुणी 'तुला जमेल रे' म्हटल्याने त्याहून कमी. सापांना घाबरणाऱ्या लोकांसोबत काम करताना त्यांनी एकेक पायरीने, सोबत राहून, लोकांना सापापर्यंत नेलं होतं. उत्साह येईल मग सायकल काढू, असं म्हणत बसलं तर वर्ष जातं. आधी झेपेल एवढी लहानशी कृती, मग विश्वास, आणि उत्साह त्याच्या मागून येतो.

म्हणून सरांना मी सुरुवातीला सायकल चालवायलाच सांगितली नाही. टॉवेल काढायचे, सायकल पुसायची, चेनला तेल, चाकांत हवा, पार्किंगमध्ये उतरवायची आणि परत वर न्यायची. पुढच्या आठवड्यात कॉलनीत दहा मिनिटं.

"अन् अजून चालवावंसं वाटलं तर?"

"तरी परत यायचं."

हे त्यांना फार जड गेलं, पण अपुरी राहिलेली हौस दुसऱ्या दिवशी माणसाला उठवते. त्यानंतर एका मोकळ्या मैदानावर, अनुभवी मित्राला सोबत घेऊन, जमिनीवर मुद्दाम खडी पसरून तिच्यावरून हळू जायचं. वेग वळणाच्या आधीच कमी करायचा, खडीवर पुढचा ब्रेक आवळायचा नाही, सायकल फार कलवायची नाही, नजर खडीवर न ठेवता जिकडे जायचं तिकडे ठेवायची. भीतीला अशी हातातली कला लागते. नुसता धीर दिला की तो पहिल्या खडीपाशी संपतो.

घाटातल्या वळणावर ते पहिल्यांदा पत्नीबरोबर कारने गेले आणि उतरून पायी फिरले. पुढच्या भेटीत सांगत होते, "मॅडम, ते वळण लई साधं आहे हो. खडी-बिडी काही नाही आता. खाली एक बाई सीताफळं विकायली. त्या रस्त्यानं इतक्यांदा गेलो, कधी घेतली नव्हती. दोन किलो घेतली."

इथे मला दुसरा धागा सापडला. भीती उतरत होती, पण 'कशासाठी चालवू' याचं उत्तर अजून नव्हतं. मोबाइलमधल्या अॅपवर जुन्या राइडचे आकडे होते आणि आजचा प्रत्येक आकडा त्यांच्यापुढे फिका दिसत होता. मी विचारलं, "कागजीपुऱ्यातून इतक्या वेळा गेलात. तिथे हातकागद कसा करतात ते पाहिलंय?"

ग्रंथपाल गप्प झाले. मग म्हणाले, "थांबलं की ॲव्हरेज पडतं ना मॅडम."

आयुष्य कागदात गेलेला हा माणूस. हातकागदाची परंपरा तुघलकाच्या काळापासून सांगितली जाते असं गाव त्याच्या वाटेवर, आणि तो सरासरी वेगापायी तिथे एकदाही थांबला नव्हता. मी त्यांना अॅप बंद करायला सांगितलं आणि पहिली लांब राइड कागजीपुऱ्यापर्यंत ठरवली. घाटात हवं तर सायकल ढकलत न्यायची. लगदा चाळणीवर कसा पसरतात ते बघायचं, एक कागद विकत घ्यायचा, परत यायचं. ते गेले. घाटात दोनदा उतरले. तो खरबरीत कागद माझ्या टेबलावर ठेवून अर्धा तास कागदावरच बोलत होते, गुडघ्याचा विषय मलाच काढावा लागला.

हे वाचून कुणी उद्याच सायकल काढणार असेल तर काही गोष्टी आधी ऐका. आधी अस्थिरोगतज्ज्ञाचा आणि फिजिओथेरपिस्टचा होकार घ्या, मनाचं काम त्यानंतर. हाड जुळलं म्हणजे स्नायू तयार झाले असं नसतं. सरांचा गुडघा तिथेच फसला. सुरुवातीला हलका गिअर ठेवा, पाय भराभर फिरू द्या, आणि सीट फार खाली नाही ना, ते जाणकाराकडून तपासून घ्या. खाली असलेल्या सीटने गुडघ्याच्या पुढच्या बाजूवर ताण येतो.

दम लागला तर खचू नका. एडवर्ड कॉइल आणि सहकाऱ्यांनी 1984 मध्ये सरावातल्या खेळाडूंना सराव बंद करायला लावून मोजणी केली. शरीराची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता पहिल्या 12 ते 21 दिवसांतच सुमारे 7 टक्के घटली आणि 84 दिवसांनी सुमारे 16 टक्के. म्हणजे घट होणारच, तुम्ही कितीही निग्रही असा. त्यात तुमच्या स्वभावाचा दोष नाही. कमावलेलं शरीर पुन्हा कमावताना सहसा पहिल्याइतका वेळ लागत नाही, एवढं मात्र लक्षात ठेवा.

जुन्या ग्रुपमध्ये लगेच जाऊ नका. गेलात तर आधीच सांगा की मी मागे राहणार आहे, माझ्यासाठी थांबू नका. आणि ग्रुपवाल्यांनो, परतणाऱ्याला 'पहिला वेग कुठे गेला' असं गमतीनेही विचारू नका. घरच्यांनाही विनंती आहे, 'आता पुरे झालं सायकलचं वेड' हे वाक्य काळजीपोटी येतं हे मला कळतं, पण भ्यालेल्या माणसाला ते मागे हटायचं निमित्त देतं. सरांच्या पत्नी कारमध्ये बसून घाटापर्यंत गेल्या, त्याने माझं निम्मं काम झालं.

अपघाताची दृश्यं वारंवार डोळ्यांसमोर येत असतील, झोप मोडत असेल, त्या रस्त्यावरून बसनेही जाववत नसेल आणि हे महिनाभरात ओसरत नसेल, तर एकट्याने पायऱ्या चढू नका. मानसोपचारतज्ज्ञाला किंवा समुपदेशकाला भेटा. जवळ कुणी नसेल तर सरकारच्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं.

सर आता रविवारी खुलताबादपर्यंत जातात, भद्रा मारुतीचं दर्शन घेऊन चहा पिऊन येतात. परवा विचारत होते, 600 चं नाव काढू का. मी म्हटलं, आधी सपाट रस्त्याची एखादी 200 बघा, साडेतेरा तास मिळतात, वाटेत थांबायला भरपूर वेळ आहे. तारीख त्यांनी डायरीत लिहून घेतली आहे.