घरात अडकलेल्या माणसाने नवीन इंडी गाणी शोधायची तरी कुठे?

पायाला प्लास्टर, दीड महिना घरात, आणि अ‍ॅप तीच चाळीस गाणी फिरवून फिरवून ऐकवतंय. तुम्ही घरी असताना नवीन इंडी (म्हणजे मोठ्या कंपन्यांशिवाय, स्वतंत्रपणे केलेलं संगीत) कसं शोधलंत, असं तुम्ही विचारलंय. पाय मोडण्याचा अनुभव मला नाही (पुण्यात दुचाकी चालवतो, त्यामुळे आजवर नाही एवढंच म्हणतो). पण २०२० साली कोथरूडच्या फ्लॅटमध्ये मी आणि बाबा असे दोघंच कोंडलेले होतो. त्या काळात जेवढं नवीन ऐकलं, तेवढं त्याआधीच्या दहा वर्षांत ऐकलं नव्हतं. त्या भांडवलावर लिहितो.

अ‍ॅप वाईट नसतं, ते फक्त नेहमीच्या वाण्यासारखं असतं. तुम्ही दारात दिसलात की न विचारता तोच साबण पिशवीत टाकतो. दुसरा साबण हवा असेल तर दुकान बदलायला हवं, किंवा दुसऱ्या कुणाच्या तरी पिशवीत डोकावायला हवं. माझं सगळं शोधणं या डोकावण्यावर चाललं.

डोकावायला सगळ्यात सोपी जागा म्हणजे बँडकँप. तिथे कलाकार आपलं संगीत थेट विकतात आणि बहुतेक अल्बम विकत न घेताही पूर्ण ऐकता येतात. पण माझा जीव त्या पानावरच्या चिमुकल्या चित्रांत अडकला. अल्बम ज्यांनी विकत घेतला त्यांची चित्रं तिथे ओळीने दिसतात. एखाद्यावर टिचकी मारली की त्या माणसाने आजवर काय काय घेतलंय ते सगळं समोर येतं. कुणाच्या घरी गेल्यावर यजमान चहा करायला आत गेले की आपण त्यांच्या पुस्तकांच्या कपाटाकडे तोंड करून उभे राहतो ना, तसंच. फक्त इथे कुणी परत येऊन "काय बघताय?" विचारत नाही. माझा नियम असा होता, अजूनही आहे: आपल्याला आवडलेला, पण फार प्रसिद्ध नसलेला अल्बम घ्यायचा आणि त्याच्या पाच ग्राहकांची कपाटं बघायची. पाचपैकी तिघांकडे एकच अनोळखी नाव दिसलं, तर ते ऐकायचं. फार क्वचित फसलोय.

पैशाचंही सांगतो, कारण इंडी म्हटलं की हा विषय येणारच. एरवी बँडकँप डिजिटल विक्रीतले १५ टक्के ठेवून घेतं. २० मार्च २०२०ला, म्हणजे आपल्या जनता कर्फ्यूच्या दोन दिवस आधी, त्यांनी पहिल्यांदा एका शुक्रवारपुरता आपला वाटा सोडला. दौरे रद्द होऊन बसलेल्या कलाकारांना तेवढीच मदत. मग ते शुक्रवार चालूच राहिले, अजूनही वर्षातले काही असतात. तो दिवस अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या घड्याळाने धरतात, त्यामुळे मार्चमधला तो शुक्रवार आपल्याकडे दुपारी साडेबाराला उजाडला आणि शनिवारी साडेबाराला मावळला. सात डॉलरचा अल्बम तेव्हा सव्वापाचशेच्या आसपास पडायचा. हॉटेलं बंद होती, तो पैसा इकडे वळला.

दुसरी वाट म्हणजे एका बँडचं बोट धरून त्याच्या मागे मागे जाणं. ख्रुआंगबिन हे तिघं टेक्ससमधल्या ह्यूस्टनचे, पण नाव थाई, अर्थ 'विमान'. टेक्ससच्या बँडला थाई नाव कशाला, म्हणून वाचायला गेलो, तर कळलं की साठ-सत्तरच्या दशकातल्या थाई फंकवर यांचा पिंड पोसलाय. तिथून साउंडवे या ब्रिटनमधल्या कंपनीचं 'द साउंड ऑफ सियाम' हे २०१०चं संकलन हाताला लागलं, आणि त्यातून ईशान्य थायलंड-लाओसकडचं मोलाम हे लोकसंगीत. खेन नावाचं बांबूच्या नळ्यांचं, तोंडाने वाजवायचं वाद्य असतं त्यात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बाबा पेपरातून मान वर करून म्हणाले, "पेटी कोण वाजवतंय?" लांबून तसंच वाटतं खरं. दोन संध्याकाळींत ह्यूस्टन ते लाओस, तेही चप्पल न घालता.

बाबांचं आलंच आहे तर त्यांच्याबद्दल जरा जास्त लिहितो. बाबा सवाई गंधर्वचे. प्रत्येक वर्षी काळी वही घेऊन जाणार, कोण गायलं, काय गायलं, शेजारी एक शेरा. त्या वर्षी डिसेंबरात महोत्सव झालाच नाही आणि ते महिनाभर घुसमटले. त्याच सुमाराला मी एड्रिअन लेंकर या अमेरिकन गायिकेचे, ऑक्टोबरात एकाच दिवशी आलेले दोन अल्बम ऐकत होतो, 'साँग्ज' आणि 'इन्स्ट्रुमेंटल्स'. बिग थीफ या तिच्या बँडचा दौरा महामारीत मध्येच थांबला, आणि ती पश्चिम मॅसॅच्युसेट्समधल्या एका खोलीच्या लाकडी घरात जाऊन राहिली. ते घर तिला गिटारच्या पोटात बसल्यासारखं वाटलं. मग एक रेकॉर्डिंग करणारा मित्र आणि आठ ट्रॅकचं टेप मशीन तिथे नेऊन तिने हे केलं. पाऊस, पक्षी, लाकडाची करकर, सगळं मागे ऐकू येतं. रोज दिवस सुरू करताना आणि संपवताना ती सुचेल ते गिटारवर वाजवायची. त्यातले आवडलेले तुकडे जोडून 'इन्स्ट्रुमेंटल्स'ची पहिली बाजू झाली, एकवीस मिनिटांचा एकच सलग तुकडा.

दुपारी चारला मी तो स्पीकरवर लावला. हेडफोन चार्जिंगला होता म्हणून, दुसरं काही कारण नाही. पाचेक मिनिटांनी बाबा येऊन खुर्चीवर बसले. काही बोलले नाहीत. दहाव्या मिनिटाला, "तार उतरवून जुळवलीय हिने." (बरोबर होतं. ती नेहमीपेक्षा वेगळी गिटार जुळवते.) पंधराव्याला, "ठेका कधी येणार?" मी म्हटलं, येणारच नाही. "मग आलापी म्हण ना सरळ." संपल्यावर आत जाऊन काळी वही घेऊन आले आणि लिहिलं: 'अमेरिकन बाई. गिटार. २१ मि. राग नाही. पाऊस चांगला.' त्या वर्षीच्या पानावर ती एकच नोंद आहे.

माझ्यासाठी त्या वर्षातला सगळ्यात मोठा शोध तोच होता, आणि तो अ‍ॅपमुळे लागला नव्हता, हेडफोनमुळेही नाही. म्हणून एक सल्ला: घरी आहात तर स्पीकरवर ऐका. घरातली माणसं नावं ठेवतील, ठेवू द्या. नावं ठेवता ठेवता ती असं काहीतरी पकडतात जे आपल्या कानावरून गेलेलं असतं.

आणि वेळ पाळून ऐका. २२ सप्टेंबर २०२०ला फ्लीट फॉक्सेस या अमेरिकन बँडने 'शोर' हा अल्बम आदल्या दिवशी सांगून अचानक काढला, तोही शरद संपाताच्या नेमक्या मिनिटाला. आपल्या घड्याळात संध्याकाळचे ७ वाजून १ मिनिट. म्हणजे बाबांच्या सातच्या बातम्या सुरू होऊन जेमतेम मिनिट झालेलं. मी स्वयंपाकघरात, भाताला फोडणी देत पहिलं गाणं ऐकलं. जगभरात अनेकजण त्याच क्षणी तेच ऐकत असणार ही कल्पना घरात कोंडलेल्या माणसाला फार पुरते. मैफलीला गेल्याचं निम्मं समाधान.

रेडिओबद्दल थोडक्यात: सिअ‍ॅटलचं केईएक्सपी नेटवर ऐकता येतं, कुठलं गाणं चालू आहे ते साइटवर दिसतं, आणि निवेदक बऱ्याचदा दोन ओळी लिहितात. तिकडची सकाळ म्हणजे आपली कांदा चिरायची वेळ. दिल्लीचं बॉक्सआउट एफएम आपल्याकडच्या इलेक्ट्रॉनिकसाठी उत्तम.

आता लाज वाटावी असा भाग. एनएच७ वीकेंडर हा इंडी संगीताचा महोत्सव २०१० साली सुरू झाला तोच पुण्यात. मी लक्ष्मी लॉन्सवर कितीतरी वेळा धूळ खाल्लीय, बहुतेक वेळ मित्रांना फोनवर "कुठल्या स्टेजपाशी आहेस?" विचारण्यात घालवलाय. आणि ईझी वाँडरलिंग्ज हा बँड मला कुठे सापडला, तर २०२०च्या मे महिन्यात, ब्राझीलमधल्या कुणा अनोळखी माणसाच्या यादीत. बासरी, व्हायोलिन, मऊ आवाज. 'अ‍ॅज रिटन इन द स्टार्स' हा २०१७चा अल्बम. तीन दिवस ऐकून झाल्यावर मी बघितलं हे लोक कुठले, तर पुण्याचे! तेव्हापासून बँडकँपवर शहराच्या नावाचा टॅगही शोधतो. पुण्याच्या नावाखाली मेटल बरंच निघेल, आधीच सांगतो, आवाज कमी ठेवा.

इंडी म्हणजे इंग्रजीच असं समजू नका, हेही तेव्हाच कळलं. मुंबईच्या स्वदेशी या रॅप गटाचं 'वारली रिव्होल्ट' (२०१९) ऐका. आरेतल्या आदिवासींचं म्हणणं आहे, आणि आरेतल्याच प्रकाश भोईर यांचा आवाज त्यात येतो तेव्हा बाकीचं रॅप जरा शहाण्यासारखं बाजूला उभं राहतं.

शेवटचं, तुम्हाला दीड महिना आहे म्हणून भसाभस ऐकू नका. मी पहिल्या पंधरा दिवसांत दोनशे अल्बम 'नंतर ऐकू' मध्ये टाकले होते, त्यातले एकशे नव्वद अजून तिथेच आहेत. आठवड्याला दोन घ्या आणि नावं कागदावर लिहा. माझी यादी बाबांच्या काळ्या वहीतच आहे, मागच्या पानापासून उलटी. ते अधूनमधून पेन्सिलीने शेरे मारतात. ख्रुआंगबिनपुढे लिहिलंय, 'ठेका बरा. बोलत का नाहीत?'