एबीएसचा दिवा लागला की सेन्सरच बदलायचा?

पावसात जोरात ब्रेक मारला की पेडल पायाखाली थरथरतं. बिघाड आहे का? – बेळगाव

नाही, एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, काम करतंय. पाय तसाच दाबून ठेवा, पंप करू नका.

पावसाळा संपला तरी एबीएसचा दिवा जात नाही. स्कॅनर लावून गॅरेजवाला मागच्या डाव्या चाकाचा सेन्सर बदला म्हणतो. – खानापूर

थांबा. स्कॅनरवरचा बिघाडाचा कोड एवढंच सांगतो, की त्या चाकाच्या वेगाचा सिग्नल नीट येत नाही. सेन्सर गेला असं तो सांगत नाही, तरी दर वर्षी चांगले सेन्सर भंगारात जातात. जांबोटी-कणकुंबीकडची तांबडी माती सेन्सरभोवती बसते आणि वाळली की दगड होते. आधी चाक काढून सेन्सरचा बोल्ट सोडवा. अडकला तर पक्कडीने ओढू नका, प्लॅस्टिक तुटून टोक आतच राहतं. गंज सोडवणारं तेल मारून हळूहळू फिरवा. टोकाला चिकटलेला लोखंडी कीस कापडाने पुसा. बसायची जागा गंजून फुगली की सेन्सर वर उचलला जातो, चाकाबरोबर फिरणाऱ्या रिंगेपासूनचं मिलिमीटरभराचं अंतर वाढतं आणि सिग्नल तुटतो. तो गंज घासून काढा. मग रिंगेचा तडा, कनेक्टरमधला हिरवा गंज, वळणावर सोललेली वायर बघा. बेअरिंग नुकतंच बदललंय का? काही बेअरिंगच्या एकाच बाजूला चुंबकीय रिंग असते. उलटं ठोकलं तर नवा सेन्सरही मुकाच. शेवटी सोबत्याला स्कॅनरवर चारही चाकांचे वेग बघायला सांगून मोकळ्या रस्त्यावर 20 च्या वेगाने गाडी चालवा. एक आकडा शून्यावर अडकला किंवा उड्या मारू लागला तर दुखणं त्याच चाकात. हे तपासल्याशिवाय सेन्सरचे पैसे देऊ नका.

जुनी गाडी घेतोय, एबीएसचा दिवा कधीच लागत नाही. चांगलंच ना? – निपाणी

वाईट. चावी फिरवली की तो काही सेकंद लागून विझायलाच हवा. बल्ब काढून गाडी खपवणारे आहेत. स्कॅन केल्याशिवाय बयाणा देऊ नका.

आठवड्याला चोर्ला घाट उतरतो. महागडे सिरॅमिक ब्रेक पॅड घ्यावेत का? – बेळगाव

डब्यावरच्या शब्दावर जाऊ नका. कंपनीने तुमच्या मॉडेलला दिलेल्या प्रतीचेच पॅड घ्या, एका अ‍ॅक्सलच्या दोन्ही चाकांचे पॅड एकदम बदला. पॅडचा मसाला, म्हणजे घासला जाणारा थर, 3 मिलिमीटरवर आला की बदलायचे. नव्या पॅडवर पहिले 200 किलोमीटर करकचून ब्रेक नको. घाटात खालचा गिअर ठेवा. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदला. ते हवेतलं पाणी शोषतं, तापल्यावर त्याची वाफ होते आणि पेडल खाली जातं. डिस्कची जाडी मात्र मेकॅनिककडून मोजून घ्या.

एबीएसचा पिवळा आणि ब्रेकचा लाल, दोन्ही दिवे एकदम लागले. गॅरेजपर्यंत नेऊ? – चिकोडी

नेऊ नका. ब्रेक ऑइलची पातळी बघा आणि गाडी टो करून न्या.