खाण पुन्हा सुरू होण्याआधी विहिरीची नोंद कशी ठेवावी?

तुम्ही विचारलंय की गोव्यातल्या डिचोली तालुक्यात तुमच्या घराजवळची लोहखनिजाची बंद खाण लिलावानंतर पुन्हा चालू होणार आहे, तिच्या हद्दीपासून सहाशे मीटरवर तुमची विहीर आणि खाली वायंगणाची, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या भाताची, शेतं आहेत. पाणी आटेल का, आणि आटलं तर ते खाणीमुळेच आटलं हे दाखवायचं कसं?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचं काम याच आठवड्यात करायचं आहे. खाणीच्या आधीच्या नोंदी हातात नसतील तर विहीर कोरडी पडल्यावर "यंदा पाऊसच कमी झाला" किंवा "तुमची विहीर मुळातच उथळ" एवढ्यावर विषय मिटवला जातो. आणि "आधी" म्हणजे खनिजाचा पहिला ट्रक निघण्याआधी नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये गोव्यातल्या लोहखनिजाच्या ८८ लीज (खाणपट्टे) रद्द केल्यावर १६ मार्चपासून उत्खनन थांबलं, पंप थांबले आणि खाणींचे खंदक पाण्याने भरले. आजूबाजूच्या भूजलाने त्या पाण्याशी जुळवून घेतलं. आता सगळ्यात आधी पंप लागतील ते हे साठलेलं पाणी उपसायला. विहिरींवरचा परिणाम तिथूनच सुरू होतो, म्हणून तुमची शेवटची मुदत उपसा सुरू होण्याचा दिवस धरा.

आता पाणी का आटतं ते. वर जांभा दगड असतो, सच्छिद्र, पावसाचं पाणी पटकन पिणारा. गावातल्या बहुतेक विहिरी याच थरात आहेत. त्याखाली चिकणमातीचा थर आणि त्याखाली खनिज. आपल्याकडचं भुकटीसारखं लोहखनिज हाच एक मोठा पाणी धरणारा थर आहे, त्यामुळे खनिज काढायचं म्हणजे पाणी उपसावंच लागतं. मधला चिकणमातीचा थर शाबूत असेल तर वरच्या विहिरी काही काळ तग धरतात. खंदकाची भिंत जांभ्यातून कापत खाली गेली की जांभ्यातलं पाणी त्या भिंतीतूनच पाझरून खंदकात उतरतं. बंद खंदकाच्या काठावरून पाहिलं तर कोरड्या दिवसांतही भिंतीवर ओल्या रेषा दिसतात, तोच हा पाझर. त्या रेषांचे फोटो तारखेसह ठेवा.

सगळ्यात आधी झरे दगा देतात, त्यानंतर विहिरी. वायंगणाचं भात पावसानंतर झऱ्याच्या पाटावर चालतं, म्हणून त्या शेतकऱ्याला फरक सर्वांत आधी कळतो. डिचोलीतल्याच शिरगावच्या विहिरी आणि झऱ्यांचा प्रश्न तर उच्च न्यायालयापर्यंत गेला होता. तुमच्या झऱ्याचा प्रवाह मोजणं सोपं आहे. पाट जिथे उंचावरून पडतो तिथे १५ लिटरची बादली धरा आणि भरायला किती सेकंद लागतात ते घड्याळावर पाहा. २० सेकंद लागले तर मिनिटाला ४५ लिटर, दिवसाला ६४,८०० लिटर. तीनदा मोजून सरासरी लिहा.

विहिरीसाठी स्टीलची मोजपट्टी घ्या. नायलॉनची दोरी ओली झाली की ताणली जाते आणि दहा-पंधरा सेंटीमीटरचा फरक सहज पडतो. कठड्यावर एका जागी ऑइलपेंटने खूण करा आणि ती जमिनीपासून किती उंच आहे ते वहीत लिहा. पुढे कठडा दुरुस्त झाला आणि खूण गेली तरी जुनी मोजणी वाया जात नाही. पट्टीच्या टोकाला लहानसं वजन बांधा. खालच्या एक मीटरला खडू फासा आणि पट्टी सोडा, खुणेशी बरोबर ८.०० मीटर येईपर्यंत. वर ओढल्यावर खडू ०.६२ मीटरपर्यंत ओला दिसला तर पाणी खुणेपासून ७.३८ मीटरवर आहे. पहिल्या दिवशी विहिरीचा तळही मोजून ठेवा, म्हणजे "कोरडी" म्हणजे किती मीटर ते ठरतं.

मोजणी पहाटे, घरचा पंप लावायच्या आधी करा. पंप चालवून तासाभरात मोजलं तर तुमच्याच उपशाने खाली गेलेली पातळी मोजली जाते, आणि चुकीच्या नोंदी बहुतेक इथेच होतात. पंधरा दिवसांतून एकदा पुरे, फेब्रुवारी ते मे मात्र दर आठवड्याला. गाळ काढला, विहीर खोल केली, शेजाऱ्याने नवी बोअर मारली, हे त्या त्या तारखेला लिहा. ते लपवलं तर सगळी वहीच संशयाची ठरते.

एकट्या विहिरीची नोंद फारसं सिद्ध करत नाही. किमान तीन विहिरी धरा: खाणीला सर्वांत जवळची, तुमची, आणि ओहोळाच्या पलीकडे खाणीपासून लांब पण जांभ्यातलीच. पाऊस कमी झाला तर तिन्ही खाली जातात. जवळची दोन मीटर खाली आणि लांबची जागेवर असेल, तर पावसाला दोष देणं कठीण होतं. पावसाची नोंद उभ्या सरळ भिंतीच्या डब्यातही होते: साठलेल्या पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये मोजली की तोच पाऊस.

दर महिन्याच्या पानाची झेरॉक्स पंचायतीत देऊन आवक शिक्का घ्या. नोंद नंतर बसून लिहिली असा आरोप त्याने टिकत नाही. विहिरीची नोंदणी गोवा भूजल नियमन कायदा, २००२ खाली झालेली आहे का तेही पाहा, नसेल तर करून घ्या. कागदावर नसलेली विहीर आटली असं सांगणं फार अवघड जातं.

शेताचं नुकसान वेगळ्या वाटेने येतं. गोव्यात एक टन खनिजामागे साधारण अडीच ते तीन टन माती-दगड बाजूला टाकावा लागतो आणि पावसात तेच डंप ओघळतात. खाणीच्या पायथ्याशी गाळ बसायला तळी असतात, पण दोन मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाएवढा, चिकणमातीचा कण स्थिर पाण्यात एक मीटर खाली बसायला तीन दिवस घेतो. तळं मेअखेर उपसलं नसेल तर जूनच्या पहिल्या मोठ्या सरीत पाणी तिथे तासभरही थांबत नाही, लाल गढूळ तसंच तुमच्या पाटात येतं. वाळल्यावर हा गाळ पापडासारखा कडक होतो, आणि त्यातलं लोह स्फुरद धरून ठेवतं, म्हणून खत टाकूनही भात पिवळं राहतं.

मोजायला जूनच्या सुरुवातीला शेताच्या कोपऱ्यात, पाट आत येतो तिथे, एक पांढरी फरशी जमिनीशी सपाट बसवा. पीक निघालं की तिच्यावरचा थर मिलिमीटरमध्ये मोजा. हेक्टरभर एक मिलिमीटर थर म्हणजे दहा घनमीटर गाळ. जांभ्याच्या मुलखात पावसाचं पाणी तसंही थोडं लाल असतं, म्हणून रंगावर भांडू नका. डंपच्या वरच्या आणि खालच्या बाजूचं पाणी एकाच तासात दोन बाटल्यांत भरा आणि शेजारी ठेवून फोटो काढा. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात मँगनीजची स्वीकार्य मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे आणि गढूळपणाची १ एनटीयू (गढूळपणा मोजायचं एकक). या दोन्ही तपासण्या प्रयोगशाळेत सांगून करून घ्या. धातूंसाठीची बाटली प्रयोगशाळेकडूनच आम्ल घातलेली मागा, साध्या बाटलीत लोह तळाशी बसतं आणि आकडा कमी येतो.

कागदांपैकी दोन महत्त्वाचे. पर्यावरण मंजुरीच्या अटींच्या पालनाचा अहवाल खाणचालकाला दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो आणि तो सार्वजनिक असतो. भूजलाची मोजणी एप्रिल-मे, ऑगस्ट, नोव्हेंबर आणि जानेवारीत करण्याची अट मंजुरीत सहसा असते, म्हणून तुमचीही मोजणी त्या महिन्यांत चुकवू नका, आकडे शेजारी ठेवता येतात. जनसुनावणी व्हायची असेल तर ३० दिवसांची सूचना मिळते. त्या काळात लेखी द्या, तोंडी बोलणं इतिवृत्तात दोन ओळींत आटपतं. विचारायचे प्रश्न नेमके ठेवा: खंदकाचा तळ समुद्रसपाटीपासून किती मीटर खाली जाणार, दिवसाला किती घनमीटर उपसा होणार, ते पाणी कुठल्या ओहोळात सोडणार, गाळतळी कोणत्या तारखेपर्यंत उपसणार.

उपशाचं पाणी तुमच्या पाटात सोडून देऊ असं आश्वासन बहुधा मिळेल. त्यावर वायंगण काही वर्षं छान होतं, पण खाण थांबली की पंपही थांबतो आणि झरा तोवर गेलेला असतो. ते घ्यायचं असेल तर पंप बंद झाल्यावर किती वर्षं आणि कुणाच्या खर्चाने पाणी मिळेल, एवढं त्या कागदावर आधी लिहून घ्या.