पॉलिमिक्सिन या प्रतिजैविकाची मेदाम्लाची शेपटी काढली तर ते जंतू मारतं का?

जवळजवळ नाहीच. पॉलिमिक्सिन बी म्हणजे सात अमिनो आम्लांचं कडं, त्याला तिघांची साखळी आणि टोकाला मेदाम्ल. अंगावर पाच धनभार. त्यांच्या जोरावर ते ग्राम-निगेटिव्ह (बाहेरून आणखी एक पटल असलेल्या) जिवाणूच्या बाह्यपटलातल्या लिपिड-ए या ऋणभारित मेदरेणूला चिकटतं आणि तिथले मॅग्नेशियम-कॅल्शियम हुसकावून लावतं. पटलात घुसण्यासाठी मात्र मेदाम्ल हवंच. ते आणि शेजारचं एक अमिनो आम्ल छाटलं की उरतं नऊ अमिनो आम्लांचं नोनापेप्टाइड. गंमत म्हणजे तेही बाह्यपटल खिळखिळं करतं, रिफाम्पिसिन या दुसऱ्या प्रतिजैविकाला आत वाट करून देतं. स्वतः जंतू मारणं फारसं जमत नाही, इतकंच.

धनभाराचं महत्त्व जिवाणूंनाही कळलेलं दिसतं: २०१५ मध्ये समोर आलेलं एमसीआर-१ जनुक लिपिड-एवर फॉस्फोइथॅनोलामाइन हा रासायनिक गट चढवून त्याचा ऋणभारच कमी करतं, म्हणजे पॉलिमिक्सिनला नीट चिकटता येत नाही.