चेहरा नसलेलं छोटं रोमन नाणं: ओळख आणि निगा

प्रश्न थोडक्यात असा: तांब्याचं नाणं, व्यास 17 मिमी, वजन 3.1 ग्रॅम, एकीकडे तीन पायांचं भांडं, दुसरीकडे मधोमध मोठं 'एस सी' (म्हणजे 'सिनेटच्या ठरावाने'), राजाचा चेहरा नाही. मग हे बनावट का?

चेहरा नाही म्हणून शंका घेऊ नका. हे क्वाड्रन्स, म्हणजे अॅस या रोमन तांब्याच्या नाण्याचा पाव भाग. 64 क्वाड्रन्सचा एक दिनार, म्हणजे रोमन चांदीचं नाणं. सुरुवातीच्या सम्राटांच्या क्वाड्रन्सवर चेहरा सहसा नसतोच. भांडं म्हणजे धान्य मोजायचं माप, मोडियस, आणि नाणं सम्राट क्लॉडियसचं. काहींवर मापाऐवजी तराजू धरलेला हात आणि खाली 'पी एन आर' असतं. या तीन अक्षरांच्या अर्थावर एकमत नाही.

साल 'एस सी' भोवतीच्या मजकुरात सापडेल. शेवट 'सीओएस डीईएस आयटी' (दुसऱ्यांदा कौन्सल म्हणून निवड; कौन्सल हे रोमचं सर्वोच्च वार्षिक पद) असेल तर इ.स. 41, 'सीओएस' पुढे दोनचा आकडा असेल तर 42. अक्षरं झिजली असतील तर टॉर्च अगदी आडवा धरा, नाणं हळूहळू फिरवा. समोरून टाकलेल्या प्रकाशात सगळं सपाट दिसतं.

टोपीचं चित्र आणि मागे 'आर सी सी' असेल तर ते क्लॉडियसच्या आधीच्या सम्राटाचं, कॅलिगुलाचं; अर्धा टक्का विक्रीकर माफ केल्याची ती जाहिरात. त्यातलं 'सीओएस क्वाट' (चौथ्यांदा कौन्सल) मजेशीर आहे: 24 जानेवारी 41 ला त्याचा खून झाला, म्हणजे 41 सालातली त्याची कारकीर्दच जेमतेम तीन आठवड्यांची. गेंडा दिसला तर ते सम्राट डोमिशियनचं.

अस्सल क्वाड्रन्सच फार महाग नसतो, त्यामुळे नकलेत कमाई थोडी. तरी कडेला साच्याची रेघ आणि पृष्ठभागावर बुडबुड्यांचे बारीक खड्डे आहेत का, ते भिंगातून पाहाच. "महाराष्ट्रात शेतात सापडलं" या गोष्टीवर मात्र जास्त पुरावा मागा. या काळातली भारतात सापडलेली रोमन नाणी मुख्यतः सोन्याचांदीची आहेत.

आता स्वच्छता. चिंच, लिंबू, व्हिनेगर, भांडी घासायची पावडर, काही नको. आम्ल हिरवा-तपकिरी थर खातं, आणि बारीक अक्षरं बहुतेकदा त्या थरातच शिल्लक असतात. डिस्टिल्ड पाण्यात बुडवा, पाणी रोज बदला, मऊ झालेली माती लाकडी टूथपिकने काढा. घाई केलीत तर अक्षरं जातील.

टूथपिक लावताच फिकट हिरवी पूड निघाली आणि खाली खड्डा दिसला, तर तो कांस्यरोग: आत अडकलेलं क्लोराइड ओलाव्याने तांबं खात राहतं. कडक, घट्ट हिरवा रंग म्हणजे रोग नव्हे. पूड खरवडा, मग 1 लिटर डिस्टिल्ड पाण्यात 23 ग्रॅम निर्जल सोडियम कार्बोनेट आणि 19 ग्रॅम खाण्याचा सोडा विरघळवून त्यात ठेवा. द्रावण दर आठवड्याला बदला. काही आठवडे लागतात, आणि रंग थोडा बदलू शकतो. नंतर साध्या डिस्टिल्ड पाण्यात धुवा, पूर्ण वाळवा.

आपल्याकडचा पावसाळा हा या नाण्यांचा खरा शत्रू. हवाबंद डबी, सिलिका जेल, आत छोटं आर्द्रतामापक. काटा 40 टक्क्यांखाली राहिला पाहिजे. जेलचा रंग बदलला की बदला. मऊ पीव्हीसीची पाकिटं वापरू नका, त्यातून सुटणारं आम्ल नाण्यावर हिरवा चिकट थर आणतं.