कोकणात वेलनेस रिट्रीट काढताय? आधी एक पावसाळा बघा

जागा घेतलीत, छान, पण आर्किटेक्टला फोन करायच्या आधी एक अख्खा पावसाळा आणि एक मे महिना त्या जागेवर काढा राव. कोकणात ३००० मिमीच्या आसपास पाऊस पडतो आणि तरी एप्रिल-मेत विहिरी तळाला जातात, कारण जांभा, म्हणजे इथला तांबडा दगड, सच्छिद्र, पाणी धरूनच ठेवत नाही. त्यामुळे योगा हॉलचं डिझाइन नंतर, आधी पाणी. साधा हिशोब, १०० चौरस मीटर कौलारू छप्पर म्हणजे वर्षाला साधारण ३ लाख लिटर पडतं, थोडं वाया गेलं तरी उरलेलं साठवायला टाकी केवढी लागेल ते बघा, मग खोल्या किती ते ठरवा, आपण सगळे नेमकं उलटं करतो.

भिंती चिऱ्याच्याच (जांभ्याच्या कापलेल्या ठोकळ्यांच्या) घ्या, प्लास्टर नको, छपराची पागोळी लांब ठेवा नाहीतर पश्चिमेचा पाऊस सरळ आत येतो. मी हौसेने मोठ्या काचा लावल्या होत्या, दुपारी भट्टी, शेवटी एसी लावावा लागला, कसला डोंबलाचा निसर्ग!

न्हाणीघराचं पाणी केळी-अळू-कर्दळीला सोडा.

आणि सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, जेसीबी फिरवण्याआधी गावातल्या जुन्या माणसांना घेऊन चालत फिरा. रत्नागिरी-राजापूरकडच्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत, २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेलीत ती. पावसात तिथे फुलं येतात ती वेगळीच. लॉन बिन लावत बसू नका.